पेट क्लिनिक काढताय? केमोची पहिली बाटली फ्रीजमध्ये ठेवण्याआधी हे ठरवा



पेट क्लिनिक, ग्रूमिंग, डॉग बोर्डिंग हे व्यवसाय आता नाशिकमध्येही चांगले चालतात. गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या, नाशिकरोड घ्या, घरोघरी कुत्रा-मांजर आहे आणि लोक त्यांच्यावर खर्च करायला तयार आहेत. जागा, भाडं, फर्निचर, एक्स-रे मशीन, लायसन्स या सगळ्यावर आपण व्हिडिओत बोलतो. आज मात्र अशा गोष्टीबद्दल लिहितोय जी बिझनेस प्लॅनच्या वहीत सहसा कोणी लिहीत नाही. ती म्हणजे प्राण्यांना दिली जाणारी केमोथेरपी, आणि ती हाताळणाऱ्या तुमच्या माणसांची सुरक्षितता.

"आपलं छोटं क्लिनिक आहे, कॅन्सर हॉस्पिटल थोडंच आहे?" असं वाटत असेल तर पुढचं नीट वाचा. कारण केमो छोट्या क्लिनिकमध्ये अगदी साध्या रस्त्याने येते.

केमो तुमच्या दारात कशी येते?

भटक्या कुत्र्यांमध्ये टीव्हीटी नावाचा एक कॅन्सर असतो. गुप्तांगावर फ्लॉवरसारखी लालसर गाठ येते, रक्त ठिबकतं. हा आजार फार विचित्र आहे. कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्या कुत्र्यात जातात, मिलनातून किंवा चाटण्या-हुंगण्यातून. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याला झालेला कॅन्सर आज जगभर फिरतोय, असं जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. जिथे मोकाट कुत्री जास्त, तिथे हा आजार जास्त. म्हणजे आपल्याकडे भरपूर.

यावरचं नेहमीचं औषध म्हणजे व्हिन्क्रिस्टिन. आठवड्याला एक इंजेक्शन शिरेतून द्यायचं, साधारण चार ते सहा आठवडे. बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. म्हणून एखादी प्राणीप्रेमी ताई गल्लीतला कुत्रा घेऊन येते, डॉक्टर तपासतात, औषध मागवतात, आणि केमो तुमच्या गाळ्यात पोचते. कॅन्सरचा वेगळा विभाग नाही, वेगळी खोली नाही. त्याच टेबलावर सकाळी रेबीजची लस दिलेली असते.

हे औषध मिळतं सदाफुलीपासून. हो, तीच, आपल्या अंगणातली गुलाबी-पांढरी सदाफुली. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, इतकं ते झाडात कमी असतं. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्याने फार मोठा फरक पाडला. पण "झाडापासून आलंय, म्हणजे निरुपद्रवी" हा हिशेब इथे चालत नाही. हे औषध वाढणाऱ्या पेशींची विभागणी मध्येच थांबवतं. पेशी कुत्र्याची आहे की तुमच्या मदतनिसाची, हे त्याला कळत नाही.

पुढे पाळीव कुत्र्यांमधल्या लिम्फोमासाठी सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन ही औषधं येतात. सायक्लोफॉस्फामाइडचं नातं मस्टर्ड वायूशी आहे. युद्धात वापरलेल्या त्या विषारी वायूवरच्या संशोधनातूनच १९४० च्या दशकात केमोथेरपीची सुरुवात झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सायक्लोफॉस्फामाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. डॉक्सोरुबिसिन "बहुधा कॅन्सर करणारं" या गटात आहे. व्हिन्क्रिस्टिनवर असा शिक्का नाही, पण त्वचेखाली सांडलं तर मांस सडवतं, डोळ्यात गेलं तर इजा करतं, आणि गर्भाला धोकादायक मानलं जातं.

म्हणजे रुग्णाला फायदा, कारण त्याला आजार आहे. कर्मचाऱ्याला फक्त धोका, कारण त्याला आजार नाही.

धोका सगळ्यात जास्त कोणाला?

आपल्याला वाटतं, डॉक्टरला. पण एका डोसचा प्रवास बघूया.

१६ किलोचा कुत्रा आहे. व्हिन्क्रिस्टिनचा नेहमीचा डोस किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम धरला, तर झाले ०.४ मिलिग्रॅम. बाटली असते १ मिलिलीटरची, त्यात १ मिलिग्रॅम औषध. म्हणजे सिरिंजमध्ये आलं जेमतेम ०.४ मिलिलीटर. आठ-दहा थेंब! (डोस किती द्यायचा हे डॉक्टरच ठरवणार, हा आकडा फक्त समजण्यासाठी.)

आता हे थेंब कुठे कुठे जातात ते पाहा:

- बाटली २ ते ८ अंशात ठेवावी लागते, म्हणून ती फ्रीजमध्ये गेली. त्याच फ्रीजमध्ये लसी आहेत, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी डबा आणि दुधाची पिशवीही असते.
- सुई बाटलीत टोचली, हवा भरली, सुई बाहेर काढताना दाबामुळे बारीक फवारा उडाला. डोळ्यांना दिसलाही नाही.
- सिरिंजमधला बुडबुडा काढायला टिचकी मारली, एक थेंब टेबलावर.
- कुत्र्याने पाय झटकला. हॉस्पिटलमधल्या नर्ससमोर रुग्ण हात पुढे करून बसतो, इथे रुग्ण चावायला बघतो! सुई निघाली, थेंब मदतनिसाच्या मनगटावर.
- उरलेलं ०.६ मिलिलीटर "पुढच्या आठवड्याला लागेल" म्हणून चिकटपट्टी लावून परत फ्रीजमध्ये.
- कुत्रा घरी जाताना दारात मुतला. मावशींनी त्याच बादलीत पोछा बुडवून अख्खी फरशी पुसली.
- सुई, कापूस, ग्लोव्हज साध्या डस्टबिनमध्ये. संध्याकाळी घंटागाडीत.

या यादीत डॉक्टर दोनदा आले. मदतनीस, मावशी, घंटागाडीवरचा माणूस आणि कुत्रा नेणारी ताई, हे सगळे बाकीच्या जागी आहेत. आणि यातल्या एकालाही कोणी सांगितलेलं नाही की हे केमोचं औषध आहे.

औषध शरीरात जायचे चार रस्ते लक्षात ठेवा: त्वचेतून, श्वासातून, तोंडातून (न धुतलेल्या हाताने वडापाव खाल्ला की झालं) आणि सुई टोचून. औषध दिलेल्या जनावराच्या लघवीत, शेणात, उलटीत त्याचे अंश काही दिवस येत राहतात. व्हिन्क्रिस्टिन तर मुख्यतः पित्तावाटे, म्हणजे विष्ठेतूनच बाहेर पडतं.

"आठ-दहा थेंबांनी काय होतंय?" हा प्रश्न चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी माणसांच्या हॉस्पिटलमध्येही विचारला जायचा. १९७९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी केमो हाताळणाऱ्या नर्सची लघवी तपासली, तर त्यात जनुकांमध्ये बदल घडवणारा परिणाम दिसला. त्यांना कोणी औषध दिलेलं नव्हतं, त्या फक्त काम करत होत्या. पुढच्या अभ्यासांत अशा कर्मचाऱ्यांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त असल्याचंही आढळलं. २००४ मध्ये अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने मोठा इशारा दिला, आणि २०१० मध्ये खास पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी वेगळी सूचनापत्रिका काढली. एका दिवसाचं थोडंसं औषध कदाचित काहीच करणार नाही. पण तुमचा मदतनीस हे काम वर्षानुवर्षं करणार आहे. "इतकं चालतं" अशी सुरक्षित मर्यादा या औषधांसाठी ठरलेली नाही.

आपल्या द्राक्षवाल्या भागात हे समजायला अवघड जाऊ नये. निफाड-दिंडोरीकडे फवारणी करताना वाऱ्याची दिशा बघायची, औषध हाताने ढवळायचं नाही, हे शेतकरी जाणतो. आणि काळजी घेतली नाही तर काय होतं हे महाराष्ट्राने २०१७ मध्ये यवतमाळला पाहिलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास लोक गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्यांत मजुरीने फवारणी करणारे कितीतरी होते. औषध निवडणारा एक आणि पाठीवर पंप घेणारा दुसरा. क्लिनिकमध्ये विष इतकं तीव्र नाही, परिणाम इतका झटपट नाही, पण मांडणी तीच आहे. म्हणून ही जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची.

आधी निर्णय: करायचं की पाठवायचं?

धंद्यात प्रत्येक सेवा आपणच द्यायला हवी असं नाही. केमोबाबत तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिल्या दिवशीच एक निवडा.

पर्याय १: केमो करायचीच नाही. निदान करायचं आणि ज्यांच्याकडे सोय आहे त्यांच्याकडे पाठवायचं. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्या शेजारचं बाई साकरबाई हॉस्पिटल ही जुनी ठिकाणं आहेत, शहराबाहेर पाठवावं लागलं तर. पण आधी नाशिकमध्येच कोणाकडे नीट सोय आहे का याची स्वतः जाऊन खात्री करा. रुग्ण पाठवला म्हणजे गिऱ्हाईक गेलं असं होत नाही. लसीकरण, दात, तपासण्या यासाठी तो तुमच्याकडेच येतो, आणि "यांनी खरं सांगितलं" हे लक्षात ठेवतो.

पर्याय २: औषध फक्त द्यायचं, भरायचं नाही. ज्या हॉस्पिटलमध्ये केमो भरण्याची बंदिस्त कॅबिनेट आहे त्यांच्याशी तुमच्या डॉक्टरांनी बोलून डोस भरलेली सिरिंज मिळते का पाहायचं. उडण्या-सांडण्याचा सगळ्यात मोठा टप्पा तुमच्या गाळ्यातून वगळला जातो.

पर्याय ३: सगळं स्वतः करायचं. मग पुढचं सगळं लागेल, त्यातलं अर्धं चालणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कोणताही पर्याय घ्या, इलाज करणारा माणूस नोंदणीकृत पशुवैद्यकच हवा. तुम्ही गुंतवणूकदार किंवा मॅनेजर असाल तर औषधाचा निर्णय तुमचा नाही. पण जागा, साधनं, ट्रेनिंग आणि पैसा यांचा निर्णय तुमचाच आहे.

स्वतः करणार असाल तर: जागेपासून सुरुवात

केमोसाठी वेगळा कोपरा नको, वेगळी खोली हवी. दार बंद होणारी, पंखा बंद ठेवता येणारी, ये-जा नसलेली. छोटी चालेल. खाणं-पिणं, मोबाइल, लिपस्टिक, काही नाही. फ्रीज वेगळा घ्या. ते अगदीच शक्य नसेल तर लसींपासून दूर, झाकणाच्या डब्यात, त्यावर मोठ्या अक्षरात "केमो – हात लावू नका" अशी पाटी. डबा-दूध त्या फ्रीजमध्ये कधीच नाही.

औषध भरण्यासाठी योग्य साधन म्हणजे क्लास टू जैवसुरक्षा कॅबिनेट, ज्यात हवा आत खेचली जाते. लॅबमध्ये वापरतात तो आडवा लॅमिनार फ्लो घेऊ नका. तो हवा तुमच्या तोंडावर फेकतो, औषध स्वच्छ राहतं आणि माणूस भिजतो! याशिवाय बाटली आणि सिरिंज यांच्यामध्ये लावायची बंद जोडणी मिळते, तिच्यामुळे फवारा बाहेर येत नाही. पण ती कॅबिनेटला जोड आहे, पर्याय नाही. पावडर विरघळवून भरावी लागणारी औषधं तर कॅबिनेट नसताना उघडूच नका. हा खर्च झेपत नसेल तर लाज वाटून घेऊ नका, पर्याय १ किंवा २ वर या.

अंगावर काय घालायचं?

- केमोसाठी तपासलेले, पावडर नसलेले नायट्राइल ग्लोव्हज. एकावर एक दोन जोड. आतला गाऊनच्या बाहीखाली, बाहेरचा बाहीवर. अर्ध्या तासाने, किंवा फाटले-ओले झाले तर लगेच बदलायचे.
- पाणी न शोषणारा, मागून बंद होणारा, वापरून फेकायचा गाऊन. कापडी ॲप्रन चालत नाही, तो थेंब धरून ठेवतो आणि घरी धुवायला जातो.
- डोळ्यांना गॉगल. रोजचा चष्मा हा गॉगल नाही.
- सांडलेलं साफ करताना एन-९५ मास्क. निळा सर्जिकल मास्क यासाठी उपयोगाचा नाही. आणि एन-९५ सुद्धा वाफ अडवत नाही, हे ध्यानात असू द्या.

कुत्रा धरणाऱ्यालाही हेच सगळं. डॉक्टर नटलेले आणि मदतनीस टी-शर्टवर, असं दिसलं की समजा सिस्टीम फक्त कागदावर आहे.

हाताची पद्धत

काम करायच्या जागी खाली प्लास्टिक असलेला शोषक कागद पसरा. सिरिंज फिरवून लॉक होणारीच घ्या, आणि पाऊणपेक्षा जास्त भरू नका. बाटलीत जास्त हवा भरू नका. सुईवर टोपण परत लावू नका. सलाइनची नळी वापरत असाल तर आधी सलाइनने भरा, औषधाने नाही.

जनावर शांत हवं. दोन माणसं धरायला, मुसकं बांधलेलं, गरज असेल तर डॉक्टर गुंगी देतील. आधी शिरेत कॅन्युला नीट बसवून, सलाइन सोडून खात्री करायची, मगच औषध. यात कुत्र्याचंही भलं आहे, कारण व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर गेलं तर त्या पायाची कातडी जाऊ शकते.

गोळ्या असतील तर त्या तोडायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत. "अर्धी गोळी द्या" असा डोस येत असेल तर डॉक्टरांना दुसरा मार्ग काढायला सांगा.

काम झालं की टेबल डिटर्जंट आणि पाण्याने पुसा, दोन-तीनदा. इथे एक नेहमीची चूक होते: लोक स्पिरिट मारतात. स्पिरिट जंतू मारतं, औषध नष्ट करत नाही, उलट पसरवतं. ग्लोव्हज काढल्यावर साबणाने हात धुवायचेच.

सांडलं तर?

एक डबा आधीच भरून ठेवा: दोन जोड ग्लोव्हज, गाऊन, गॉगल, एन-९५, शोषक पॅड, काच उचलायला छोटी सुपली, डिटर्जंट, पिवळी पिशवी, आणि मराठीत लिहिलेला सूचनांचा कागद. मराठीत का? कारण सांडेल तेव्हा कदाचित फक्त मावशीच तिथे असतील.

१. माणसं आणि जनावरं बाजूला करा, पंखा बंद.
२. सगळं अंगावर चढवा, मगच हात लावा.
३. काच सुपलीने, हाताने नाही.
४. बाहेरून आत असं पुसत या, म्हणजे पसरत नाही.
५. डिटर्जंटने तीनदा धुवा.
६. वापरलेलं सगळं पिवळ्या पिशवीत, आणि वहीत नोंद.

अंगावर उडालं तर कपडा लगेच काढून साबण-पाण्याने धुवायचं. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली, लेन्स असेल तर काढून, आणि मग डॉक्टर. "नंतर बघू" नाही.

कचरा: इथे कायदा सरळ लागू होतो

बऱ्याच जणांना वाटतं, जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम माणसांच्या हॉस्पिटललाच आहेत. तसं नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत पशुवैद्यकीय संस्था स्पष्टपणे येतात, रुग्ण कितीही कमी असोत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. नाशिकचं प्रादेशिक कार्यालय सातपूरला उद्योग भवनात आहे. आणि सामायिक कचरा प्रक्रिया केंद्राशी करार करावा लागतो, त्यांची गाडी येऊन माल नेते.

केमोपुरतं इतकं पाठ करा:

- केमोचं उरलेलं औषध, मुदत संपलेली बाटली, आणि औषध लागलेल्या सगळ्या वस्तू पिवळ्या वर्गात जातात. पिशवी किंवा डब्यावर सायटोटॉक्सिकचं चिन्ह हवं.
- काचेच्या बाटल्या एरवी निळ्या वर्गात टाकतात, पण केमोची बाटली निळ्यात टाकायची नाही. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.
- हा कचरा १२०० अंशांहून जास्त तापमानाला जाळावा लागतो. म्हणून केंद्राशी करार करताना "तुम्ही सायटोटॉक्सिक कचरा घेता का?" हे लेखी विचारा. मुदत संपलेलं औषध पुरवठादाराकडे परत देण्याचीही तरतूद आहे.
- सुया न टोचता येणाऱ्या कडक डब्यात. केमोच्या सुयांचा डबा वेगळा ठेवा आणि तसं लेबल लावा.
- रोजची नोंदवही, पाच वर्षं जपून. वर्षाचा अहवाल ३० जूनपर्यंत.
- कर्मचारी कामाला लागताना ट्रेनिंग आणि पुढे वर्षातून किमान एकदा. आरोग्य तपासणीही तशीच. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस.

बेसिनमध्ये ओतणं, मोरीत सोडणं, जाळून टाकणं, घंटागाडीत देणं यातलं काहीही चालत नाही. नाशिकची मोरी शेवटी गोदावरीकडेच जाते, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या माणसांशी कसं बोलायचं?

केमो असलेल्या क्लिनिकमध्ये माणूस घेताना मुलाखतीतच सांगा. घाबरवायचं नाही, लपवायचंही नाही. "दादा, इथे आठवड्यातून एकदा अशी औषधं येतात. काळजी घेतली तर काम करता येतं. काळजीची साधनं मी देणार. साधन नसेल त्या दिवशी काम करायचं नाही, आणि त्याचा पगार कापला जाणार नाही." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर ग्लोव्हज संपले तरी माणूस नोकरीच्या भीतीने उघड्या हाताने काम करतो.

गरोदर असलेली, अंगावर पाजणारी, किंवा बाळासाठी प्रयत्न करत असलेली व्यक्ती या कामापासून दूर हवी. पुरुषांनाही हे लागू आहे. पण लक्षात घ्या, गरोदरपणाचे सुरुवातीचे आठवडे सगळ्यात नाजूक असतात आणि तेव्हा ते कोणाला माहीत नसतं, किंवा बाई सांगत नाही. म्हणून नियम असा करा की कोणीही, कारण न सांगता, केमोच्या दिवशी दुसरं काम मागू शकतं. सांगितल्यावर काम जाणार असेल तर कोणीच सांगणार नाही.

गिऱ्हाइकाला चिठ्ठी द्या

कुत्रा घरी गेल्यावर तुमचं काम संपत नाही. एका पानाची मराठी चिठ्ठी छापून घ्या. औषध दिल्यापासून किमान तीन दिवस (औषधानुसार डॉक्टर जास्त सांगतील) लघवी-शी उचलताना ग्लोव्हज घाला. अंथरूण वेगळं धुवा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला साफसफाई करू देऊ नका. तोंड चाटू देऊ नका. गोळी उघड्या हाताने धरू नका. जवळ बसायला, डोक्यावरून हात फिरवायला हरकत नाही, हेही लिहा, नाहीतर लोक घाबरून कुत्र्यालाच बाहेर काढतील.

गल्लीतला कुत्रा असेल तर प्रश्न अवघड आहे, कारण त्याची शी उचलणारं कोणी नाही. आणणाऱ्या ताईशी आधी बोला. निदान तीन दिवस त्याला एका जागी ठेवता येईल का, हे इलाज सुरू करण्याआधी ठरवा.

आणि ग्रूमिंग किंवा बोर्डिंगवाल्या मित्रांनो, हे तुमच्यासाठीही आहे! ॲडमिशन फॉर्मवर एक ओळ वाढवा: "गेल्या महिन्यात केमोथेरपी झाली आहे का?" उत्तर "हो" असेल तर पिंजरा साफ करणारा माणूस ग्लोव्हजशिवाय जाणार नाही.

खर्चाचं गणित

आता तुम्ही म्हणाल, सर, इतका खर्च कोण देणार? एका भेटीचा खर्च असा मांडा: औषध + दोन माणसांचे ग्लोव्हज आणि गाऊन + शोषक पॅड + लॉक सिरिंज + पिवळ्या कचऱ्याचा वाटा + साफसफाईसह दोन माणसांचा वेळ + कॅबिनेटचा महिन्याचा वाटा. औषधाची किंमत यात बहुतेक वेळा छोटी निघते. "औषधाची किंमत अधिक इंजेक्शन फी" असा दर लावणारे क्लिनिक बाकीचा खर्च मदतनिसाच्या तब्येतीतून वसूल करत असतं.

खर्च कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे केमोचा एकच दिवस. समजा बुधवारी दुपारी, बाकीचे गिऱ्हाईक नसताना. १६ किलोचे दोन कुत्रे आणि ८ किलोचं एक पिल्लू एकाच बैठकीत घेतले, तर ०.४, ०.४ आणि ०.२ मिळून बरोब्बर १ मिलिग्रॅम. लेबलवरच्या सूचनेत आणि डॉक्टरांच्या मते बसत असेल तर एक बाटली पूर्ण वापरली जाते, चिकटपट्टी लावून ठेवायला काही उरत नाही, एकदाच गाऊन घालायचा, एकदाच साफसफाई. पैसाही वाचतो आणि धोकाही कमी.

आणि तरीही दर गिऱ्हाइकाला परवडत नसेल? मग कुठलीही गोष्ट कापा, फक्त ग्लोव्हज आणि पिवळी पिशवी कापू नका. ते कापावं लागत असेल तर ती सेवा तुमच्यासाठी नाही, पर्याय १ घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

वही काढा आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा:

१. माझा पर्याय कोणता: १, २ की ३?
२. माझ्या क्लिनिकमध्ये फरशी कोण पुसतं, कचरा कोण उचलतं, कुत्रा कोण धरतं? त्यांची नावं.
३. त्यांना हे सगळं मी कोणत्या तारखेला सांगणार?
४. कचरा केंद्र सायटोटॉक्सिक कचरा घेतं का, हे लेखी मिळालं का?

दुसऱ्या प्रश्नाखाली जी नावं येतील ती परत एकदा वाचा. तुमचं क्लिनिक त्यांच्या हातांवर चालणार आहे.